मोटारीतील पेट्रोलची गळती आणि तिचे निदान

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची व्याख्याने होत असतात. त्या मालिकेत मोटारीच्या गळक्या पेट्रोलचा विषय घेऊन उभे राहणे हे किंचित धाडसाचेच आहे. परंतु मंडळाच्या चिटणिसांनी ‘घरोघर उपयोगी पडेल असे काही सांगा’ अशी आज्ञा केली. आणि विचार करता आम्हांस असे दिसले की, ज्याच्या दाराशी पेट्रोलवर चालणारे एखादे वाहन उभे नाही असे घर आपल्या समाजात आता क्वचितच सापडेल. वाड्याच्या चौकात, जिन्याखाली, इमारतीच्या तळमजल्यावर ही वाहने आपल्या निजण्याच्या जागेपासून चार हातांवर रात्र काढतात. मोटारीच्या टाकीत तीस-चाळीस लिटर पेट्रोल सहज मावते. ते जागच्या जागी आहे की नाही, याची चौकशी मात्र वास घरात शिरेपर्यंत कोणी करीत नाही.

विषय निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. आपण मूळचे तांब्यापितळेचे लोक. पुण्याच्या तांबट आळीतील मठाराचा ठोका लहानपणापासून कानांत बसलेले कितीतरी श्रोते या सभागृहात आहेत. बंब, घंगाळ, हंडा यांचा गळका सांधा शोधून त्याला डाख देणे हे काम आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. बंबाच्या बुडाशी पाणी ठिबकते म्हणून बुडालाच डाख देत बसणाऱ्या कारागिराला त्यांनी दुकानाची पायरी चढू दिली नसती. पाणी खांद्याच्या सांध्यातून निघते, अंगावरून ओघळते आणि बुडाशी येऊन ठिबकते, हे त्यांस पक्के ठाऊक होते. मोटारीतील गळती शोधण्याची विद्याही बव्हंशी हीच आहे. भांडे तेवढे निराळे, आणि पाण्याच्या ठिकाणी एक अत्यंत ज्वालाग्राही द्रव.

त्या द्रवाचा स्वभाव प्रथम सांगितला पाहिजे, कारण तो ओळखल्यावाचून बॉनेट उघडणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. रॉकेलने पेट घेण्याजोगी वाफ द्यावी यासाठी ते सुमारे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापावे लागते. पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंश इतके थंड असतानाही तशी वाफ देते. म्हणजे आपल्या हवेत ते सदासर्वदा पेटण्यास सिद्ध असते. शिवाय त्याची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते, उतार सापडल्यास उताराने वाहते, खड्ड्यात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा १.४ पासून सुमारे ७.६ पर्यंत असले की एक ठिणगी पुरते.

येथे थोडा हिशेब करू. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान. एका मिलिलिटरमध्ये अदमासे ५० थेंब धरावे. सेकंदास एक थेंब पडत असेल तर तासाला सुमारे ७२ मिलिलिटर आणि रात्रंदिवस मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. पैशांचे नुकसान आपण सोडून देऊ. एक लिटर पेट्रोलची वाफ झाली तर ती सुमारे २०० लिटर होते. १५ चौरस मीटर जमिनीच्या बंद गॅरेजमध्ये इतकी वाफ खाली साचली, तर जवळजवळ मीटरभर उंचीचा थर पेट घेण्याजोगा होऊ शकतो. तो थर डोळ्यांना दिसत नाही. दाराच्या फटीतून तो शेजारच्या स्वयंपाकघरात गेला, तर तेथे गॅसची शेगडी आहे. देवघरात गेला, तर तेथे समई आहे. नुसता ‘जरा वास येतो’ म्हणून ज्या गोष्टीकडे आपण दुर्लक्ष करतो, तिचे स्वरूप हे असे आहे.

म्हणून वास आला की पहिले काम गळती शोधण्याचे नव्हे. मोटार बंद जागेत असेल तर दारे-खिडक्या उघडाव्या, दिव्याचे बटण लावू नये किंवा मालवूही नये, स्टार्टर मुळीच मारू नये, आणि चार माणसांनी मिळून मोटार ढकलत उघड्यावर आणावी. हवा खेळून वास ओसरल्यावर मगच बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. वाफ भरलेली असताना ती सोडविली तर तिचीच ठिणगी घातक ठरावयाची. तपासासाठी तारेला लोंबणारा काचेचा दिवा घेऊ नये. तो हातून पडून फुटला तर आतील तप्त तार उघडी पडते. बॅटरीवरची छोटी विजेरी चालेल, तीही दूर उभे राहून आधी लावावी आणि मग जवळ न्यावी. विडीचे तर नावच नको. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे, ते नसेल तर वाळूच्या दोन बादल्या तरी असाव्या; पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत अधिकच पसरते. या गोष्टी किरकोळ वाटून आमचे तरुण मित्र हसतात. हसोत बापडे, परंतु करोत.

आता पेट्रोलचा मार्ग पाहू. जुन्या धाटणीच्या मोटारीत, उदाहरणार्थ मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून कित्येक दशके धावलेल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तेथून निरोप घेतलेल्या पद्मिनीत, पेट्रोल मागच्या टाकीतून धातूच्या नळीने पुढे येते, रबरी नळीतून इंजिनावरच्या पंपात शिरते, आणि तेथून कार्ब्युरेटरमध्ये जाते. हा पंप विजेचा नसतो. इंजिनातील दांडा त्याचा पडदा वरखाली करतो. मेस्त्री लोक त्याला ए. सी. पंप म्हणतात. कार्ब्युरेटरमध्ये एक वाटी असते. तिच्यात पितळेचा किंवा प्लास्टिकचा पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल ठराविक पातळीस आले की फ्लोट वर उचलला जाऊन एका सुईने वाट बंद करतो. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत चेंडूची तोटी असते, तीच ही युक्ती.

या मार्गाची कथा जुनी आहे, आणि भगिनींसाठी तीतला एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्टा बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास पतीने बनविलेल्या मोटारीतून केला, तोही पतीला न सांगता. वाटेत इंधनाची नळी चोंदली. बाईंनी टोपीची टाचणी काढून ती मोकळी केली. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचा लिग्रोइन नावाचा द्रव विकत घेतला. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून जगात याची नोंद आहे. तेव्हा बॉनेटखाली डोकावणे हे पुरुषांचेच काम, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास थोडा अधिक वाचावा.

असो. मोटार उघड्यावर आहे, वास ओसरला आहे. आता निदान. वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्यास प्रश्न विचारतो, तसे मोटार चालविणाऱ्यास प्रथम विचारावे : वास केव्हा येतो? रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी येतो, की लांबून आल्यावर इंजिन बंद करताच येतो? चालू असतानाच येतो का? टाकी काठोकाठ भरली त्या दिवशी येतो, आणि ती अर्ध्याखाली उतरली की थांबतो का? या चार प्रश्नांनी अर्धे काम होते. टाकी भरलेली असतानाच वास येत असेल तर दोष बहुधा टाकीच्या वरच्या अंगास आहे : भरण्याच्या नळीचे रबर चिरले असेल, झाकणाची रबरी चकती वाळली असेल, किंवा टाकीचा वरचा भाग गंजला असेल. पातळी त्या भोकाखाली गेली की गळती आपोआप थांबते, आणि मालकास वाटते की मोटार बरी झाली. चालू असतानाच वास येत असेल तर पंपाच्या पुढच्या, दाबाखालच्या भागावर संशय घ्यावा. थंड स्थितीत उभ्या मोटारीला वास येत असेल तर टाकी व पंप यांमधील नळ्या पाहाव्या. आणि गरम इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने येत असेल, तर मात्र कार्ब्युरेटरकडे पाहावे लागते. त्याचे कारण एका प्रत्यक्ष उदाहरणाने सांगू.

आमच्या परिचयाच्या एका ज्ञातिकुटुंबात कार्ब्युरेटरची एक जुनी मोटार वडिलांची आठवण म्हणून मोठ्या निगेने सांभाळलेली आहे. तिला पेट्रोलचा वास येऊ लागला. लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी ९ वर आली. पंपाच्या खालच्या कडेशी थेंब लोंबताना दिसे, म्हणून एका ठिकाणी पंप बदलण्यात आला. वास तसाच. दुसऱ्या ठिकाणी सर्व रबरी नळ्या व क्लिपा बदलण्यात आल्या. वास तसाच. घरातील सुनेने अखेर हट्ट धरला की गाडी विकून टाका, नाहीतर मुलांना तीत बसवू नका. तिचे म्हणणे सर्वस्वी योग्य होते. त्या घरचे वृद्ध गृहस्थ, ज्यांस सारे नाना म्हणतात, स्वतः तांबटकामात मुरलेले. त्यांचा जीव त्या गाडीत अडकलेला. गाडी राहणार की जाणार, हा प्रश्न घरात जेवणाच्या पानावर निघू लागला होता.

आम्ही गेलो तेव्हा नानांनी बॉनेटवर हात ठेवून एकच वाक्य उच्चारले : “अहो, सगळे बुडाला बघतात, खांद्याला कोणी बघितलं का?”

आम्ही इंजिन थंड असताना त्याची संपूर्ण साफसफाई करविली. जुना चिकटा, धूळ, तेल यांवर नवा ओलावा कधीच नीट दिसत नाही. तरी साफ करण्यापूर्वी एकवार बारकाईने पाहून घ्यावे. कारण पेट्रोल जेथून वाहते तेथील मळ धुऊन जाऊन स्वच्छ पट्टा उमटतो, आणि पुष्कळ दिवसांच्या गळतीनंतर त्याच्या कडेला पिवळट-तपकिरी चिकट थर राहतो. तो पुरावा साबणाने पुसून टाकू नये. येथे असा फिकट पट्टा कार्ब्युरेटरपासून पंपाकडे येणाऱ्या धातूच्या नळीच्या खालच्या अंगाला होता. दोन्ही मेस्त्रींनी तो पाहिला नव्हता, कारण दोघांची नजर थेंबावर खिळली होती.

साफसफाईनंतर सारे कोरडे करून पंप, नळ्यांचे सांधे व कार्ब्युरेटरचे बाहेरील अंग यांवर खडूची बारीक पूड फुंकली. घरची अंगाला लावावयाची पावडरही चालते. हवेचा फिल्टर मात्र जागेवर घट्ट बसलेला असावा, म्हणजे पूड इंजिनात जाणार नाही. खाली पांढरा कागद अंथरला. कागदाचा उपयोग दुहेरी आहे. पडलेला थेंब पाण्याचा असेल तर ओल राहते पण वास येत नाही. तेलाचा असेल तर पारदर्शक डाग कायम राहतो. पेट्रोलचा असेल तर तो पाहता पाहता उडून जातो आणि मागे वास व क्वचित फिकट कडा तेवढी उरते.

थंड व बंद स्थितीत पाऊण तास वाट पाहिली. पूड कोरडी. म्हणजे टाकीकडून येणाऱ्या नळ्या निर्दोष. बॅटरी जोडून इंजिन सुरू केले, दहा मिनिटे संथ चालविले, पूड कोरडी. म्हणजे पंपाचे सांधे व दाबाखालची नळीही निर्दोष. नंतर गाडी गावाबाहेर नेऊन चांगली तापवून आणली, उघड्यावर उभी केली, इंजिन बंद केले आणि पुन्हा पाहत बसलो. पाच मिनिटे काही नाही. बाराव्या-तेराव्या मिनिटास कार्ब्युरेटरच्या झाकणाखालच्या सांध्याशी पूड करडी झाली, ओल नळीवर उतरली, नळीच्या उताराने सावकाश पंपापर्यंत आली, आणि पंपाच्या खालच्या कडेशी तिचा थेंब झाला. नाना खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी फक्त मान डोलाविली.

हे असे का व्हावे? इंजिन चालू असते तेव्हा आत येणारी हवा आणि ताजे पेट्रोल यांनी कार्ब्युरेटर थंड राहतो. ते बंद होताच वारा थांबतो, परंतु खालच्या मॅनिफोल्डची उष्णता वर चढतच राहते. वाटीतील पेट्रोल तापते, फुगते, कधी उकळूही लागते. पंपाच्या स्प्रिंगचा उरलेला दाबही थोडे पेट्रोल पुढे ढकलीत असतो. पातळी योग्य असेल तर हे सारे वाटीत सामावते. पातळी आधीच वर असेल तर पेट्रोल सांध्यापर्यंत पोचते व बाहेर पडते. पातळी वर असल्यामुळेच गाडी पेट्रोलही अधिक खात होती. म्हणजे दोन तक्रारींचे मूळ एकच असावे. ज्या घरात दोन तक्रारी एकाच महिन्यात सुरू होतात, तेथे मूळ एकच आहे असे धरून शोध सुरू करावा, असा आमचा अनुभव आहे.

पातळी वर जाण्यास कारणे थोडी : सुई झिजली, सुईखाली कचरा अडकला, फ्लोटचा पत्रा वाकला, किंवा फ्लोटच्या आत पेट्रोल शिरून तो जड झाला. आम्ही वाटी उघडून फ्लोट काढला आणि नानांच्या हाती दिला. त्यांनी तो कानाशी हलविला. आत खळखळ ऐकू आली. तरीही नुसत्या कानावर न विसंबता त्यांनी परीक्षा करावयास लावली. पाणी स्वयंपाकघरात तापविले. फ्लोट मात्र तेथे नेला नाही, गरम पाण्याचे भांडे अंगणात आणले. शेगडीजवळ पेट्रोलचे भांडे नेणे आणि शेगडीपासून दूर पाणी आणणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या सुनेला सांगावे लागले नाही. तिनेच ते सुचविले. फ्लोट गरम पाण्यात बुडविताच आतली वाफ फुगली आणि शिवणीच्या एका बिंदूतून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. सुईच्या अग्राहूनही लहान असे ते भोक. त्याच्यासाठी पंप आणि साऱ्या नळ्या बदलून झाल्या होत्या.

नवा फ्लोट मिळत असेल तर नवाच घालावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. त्या गाडीचा तो मिळेना. म्हणून नानांनी भोक खाली करून फ्लोट पुनःपुन्हा गरम पाण्यात धरून आतले पेट्रोल बाहेर काढले, दोन दिवस उघड्यावर ठेवला, वजन करून आत काही उरले नाही याची खात्री केली, आणि मग डाख दिला. आत पेट्रोल किंवा त्याची वाफ असताना फ्लोटला किंवा टाकीला कधीही उष्णता लावू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीला झाळण्यास जाऊन जीव गमावलेली माणसे या धंद्यात झाली आहेत. टाकी रिकामी म्हणजे वाफेने भरलेली, हे ज्यास कळत नाही त्याने डाखाची कांडी हाती धरू नये. आणखी एक बारकावा नानांनीच दाखविला : डाख जाड बसला तर फ्लोट जड होतो, जड फ्लोट उशिरा उचलला जातो, आणि पातळी पुन्हा वर राहते. म्हणून त्यांनी जादा डाख कानशीने उतरविला. नव्या पॅकिंगसह कार्ब्युरेटर बसविला, तीच तापवून आणण्याची परीक्षा लागोपाठ तीन दिवस केली. पूड कोरडी राहिली. गाडी पुन्हा पावणेबारापर्यंत जाऊ लागली. सूनबाईंनी मुलांना गाडीत बसविले ते चौथ्या दिवशी, आणि तेही स्वतः बॉनेट उघडून पाहिल्यानंतर.

बाहेर थेंब दिसतो ती गळती एका अर्थी सज्जन म्हणावी. दुसरी एक गळती आत होते. पंपाचा पडदा फाटला की काही पंपांत पेट्रोल बाजूच्या लहान भोकातून बाहेर येते, परंतु काहींत ते सरळ इंजिनाच्या तेलात उतरते. जमिनीवर थेंब नाही, रबरी नळी कोरडी, आणि पेट्रोल मात्र संपते. अशा वेळी तेलाची पट्टी बाहेर काढून पाहावी. तेल न घालता त्याची पातळी वाढली असेल, ते पाण्यासारखे पातळ झाले असेल, पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन क्षणभरही चालवू नये. पातळ तेलाने बेअरिंगे झिजतात हे एक. आणि तेलाच्या पोटात पेट्रोलची वाफ कोंडणे हे त्याहून भयंकर. प्रथम पंप बदलावा, मग तेल व तेलाचा फिल्टर बदलावा. ‘तेल कमी होत नाही, उलट वाढते’ म्हणून संतोष मानणारे एक गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचे नाव येथे सांगत नाही, ते पहिल्या चार रांगांतच बसलेले आहेत.

आजच्या बहुतेक मोटारींत कार्ब्युरेटर नाही. विजेचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल इंजेक्टरांतून फवारले जाते. नेहमीच्या रचनेत या नळीत सुमारे ३ बार, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या साधारण दीडपट दाब असतो. येथे गळती ठिबकत नाही, ती फवारते, आणि गरम इंजिनावर फवारते. म्हणून अशा गाडीत वास आला तर ‘घरापर्यंत नेऊ’ हा विचारही करू नये. तपासताना किल्ली अर्धी फिरविली की पंप दोन-तीन सेकंद चालून नळीत दाब भरतो. त्या वेळी दुसऱ्या माणसाने दूर उभे राहून विजेरीने सांधे, इंजेक्टरांच्या रबरी कड्या व नळीची टोके पाहावी. पुष्कळशा सांध्यांतून दाबाखालीच पेट्रोल येते आणि दाब उतरला की सारे कोरडे दिसते. नळी सोडविण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालविले म्हणजे दाब उतरतो. गळती दिसत असेल तर मात्र हा उपाय करू नये, अधिकृत कारागिराकडे गाडी ओढून न्यावी.

बाहेर काही न दिसता सकाळी गाडी उशिरा सुरू होणे आणि सुरू होताच काळा धूर टाकणे, हे एखादा इंजेक्टर आतल्या आत गळत असल्याचे लक्षण असू शकते. दाब मोजण्याचे घड्याळ लावून इंजिन बंद केल्यावर काटा किती वेगाने उतरतो ते पाहिले म्हणजे संशयाला आधार मिळतो. केवळ टाकी भरल्यानंतर वास येत असेल तर टाकीची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा व त्याच्या नळ्या पाहाव्या. पंपावर ‘अजून थोडे, काठापर्यंत’ असा आग्रह धरणाऱ्यांच्या गाड्यांत हा डबा पेट्रोलने भिजून निकामी होतो. डिझेलच्या नव्या गाड्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. तेथे गळती हाताने चाचपणे म्हणजे बोट गमावणे. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ शल्यचिकित्सकाकडे जावे.

रबरी नळ्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या घरांना हा प्रश्न नव्याने भेडसावू लागला आहे. इथेनॉलचे २० टक्के मिश्रण असलेले पेट्रोल २०२३ पासून आपल्या देशात मिळू लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर रूढ झाले. ऊस पिकविणाऱ्या आपल्या प्रांताला त्यात लाभ आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु इथेनॉल काही जातींच्या जुन्या रबराला फुगविते किंवा मऊ करते, हवेतील पाणी ओढून घेते, आणि वर्षानुवर्षे साचलेला चिकटा सैल करून पुढे ढकलते. तो जाऊन नेमका कार्ब्युरेटरच्या सुईखाली अडकतो. जुन्या गाडीच्या सर्व रबरी नळ्या, पंपाचा पडदा व पॅकिंगे इथेनॉलला टिकणारी घालून घ्यावी. दुकानात पेट्रोलचीच नळी मागावी. बागेला पाणी घालण्याची पारदर्शक नळी दिसण्यास सुंदर असते, आणि चार महिन्यांत लाकडासारखी कडक होऊन तडकते. क्लिप आवळताना हात राखावा. अति आवळलेली क्लिप रबर कापते, आणि तो काप क्लिपेखाली झाकलेला राहिल्याने कोणाला दिसत नाही. नळी बोटांत दाबून पाहावी : तडे दिसले, कडक लागली किंवा पिठासारखी मऊ लागली, तर ती बदलण्याची वेळ झाली.

गॅरेजमध्ये गाडी नेताना ‘पंप बदला’ असे सांगू नये. ‘लांबून आल्यावर दहा-बारा मिनिटांनी वास येतो, टाकी अर्धी असतानाही येतो, तेलाची पातळी वाढलेली नाही’ असे सांगावे. कागदावर लिहून द्यावे. चांगला मेस्त्री त्या कागदाने आनंदतो. जो ‘ते राहू द्या, आम्ही बघतो’ म्हणून कागद बाजूस ठेवतो, त्याच्याकडून गाडी परत घेण्यास संकोच करू नये. बदललेला प्रत्येक भाग मागून घ्यावा, आणि बदलण्यापूर्वी तो गळताना आपल्या डोळ्यांना दाखविण्याचा आग्रह धरावा.

वेळ संपत आली असल्याची घंटा चिटणिसांनी वाजविली आहे. सभागृहाच्या बाहेरील पडवीत एका मेजावर नानांनी डाख दिलेल्या फ्लोटसारखाच दुसरा एक गळका फ्लोट, फाटलेल्या पडद्याचा एक पंप, क्लिपेने कापलेल्या नळीचे तुकडे आणि इथेनॉलने फुगलेले एक पॅकिंग मांडून ठेवले आहे. सर्व वस्तू धुऊन वाळविलेल्या आहेत; त्यांत पेट्रोलचा थेंबही नाही. गरम पाण्याचे पातेले भोजनगृहातून येत आहे. फ्लोटचे भोक कोठे आहे ते आम्ही सांगितलेले नाही. अल्पोपाहारानंतर ज्यांस उत्सुकता असेल त्यांनी, विशेषतः मुलांनी व भगिनींनी, ते स्वतः शोधून पाहावे.